फॉगिंगवर बेचाळीस पानं लिहिली, समितीत दहा मिनिटं मिळाली

आकडेमोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचायला येतो, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी एका स्थानिक आरोग्य विभागात आकडे बघायचं काम करतो. कुठल्या वॉर्डात किती पेशंट, मागच्या वर्षी याच आठवड्यात किती होते, असलं. डेंगीच्या केसेस वाढायला लागल्या आणि समितीपुढे विषय आला की फॉगिंगच्या मशिन वाढवायच्या का. साहेब म्हणाले, संशोधन काय म्हणतंय ते बघून एक नोट कर. मला इतका आनंद झाला की विचारू नका, कारण एवढ्या वर्षांत निर्णयाच्या आधी कोणी काही विचारलंय असं पहिल्यांदाच होत होतं, एरवी निर्णय झाल्यावर "याला आधार म्हणून काहीतरी आकडे दे" असा फोन येतो. तीन आठवडे रात्री जागून बेचाळीस पानं केली.

थोडक्यात सांगतो. डेंगी पसरवणारी एडिस इजिप्ती डासाची मादी चावते दिवसा आणि बसते घरात, पलंगाखाली, पडद्यामागे, लटकवलेल्या कपड्यांत. धूर थेट लागला तर मोठा डास मरतो, पण पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, आणि अंडी तर कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. आठ-दहा दिवसांत नवी फौज हजर. २०१० साली घराभोवतीच्या फवारणीवरच्या १५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. डास तात्पुरते कमी होतात, पण नुसत्या फवारणीची शिफारस करावी असा स्पष्ट पुरावा नाही, असा त्याचा सूर. त्यातही गंमत म्हणजे माणसांमधला आजार कमी झाला का हे बहुतेक अभ्यासांनी मोजलंच नव्हतं, डासच मोजले होते.

मीटिंगमध्ये माझा विषय शेवटून दुसरा. दहा मिनिटं मिळाली, त्यातली चार प्रोजेक्टर लागण्यात गेली. मी सांगितलं की पुरावा अपुरा आहे. एक सदस्य म्हणाले, अपुरा म्हणजे उपयोग होत असेल असंही असू शकतं ना? आता हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे हो! मी गडबडलो. दुसऱ्या बाई म्हणाल्या, एवढंच सांगा, करायचं की नाही करायचं. मी म्हणालो "परिस्थितीनुसार". हशा. सहा मशिनना तत्त्वतः मंजुरी, खरेदीचा ठराव पुढच्या बैठकीत.

त्याच आठवड्यात संध्याकाळी घरी जाताना रस्त्यावर फॉगिंगची गाडी दिसली. मशिनचा आवाज ऐकला की लोक काय करतात? खिडक्या लावून घेतात. धडाधड, एकामागून एक. म्हणजे जो डास आत बसलाय तो आत सुरक्षित आणि धूर बाहेर. मी तिथेच उभा राहून हसलो, शेजारून जाणारा माणूस विचित्र नजरेने बघून गेला.

तर प्रश्न असा की कुणाचं संशोधन खरंच कधी वापरलं गेलंय का? आणि माझं नक्की कुठे चुकलं?

---

बाकीशून्य

बेचाळीस पानं??? दादा, समितीतल्या लोकांना विषयपत्रिकाच बेचाळीस पानांची असते, ती तरी कोण वाचतं.

निर्णय आधी झालेला असतो, मीटिंग नंतर होते. तुम्हाला नोट करायला सांगितली ती फाइलला जाडी यावी म्हणून. हलके घ्या.

---

वाचनमात्र

खिडक्यांचं खरंय, आम्ही पण लावून घेतो 😅 आता विचार करावा लागेल

---

जुनाजाणता

आकडेमोड, तुमचं दुःख कळतं. मी बत्तीस वर्षं याच क्षेत्रात काढली, त्यातली निम्मी टेबलाच्या त्या बाजूला, म्हणजे ज्याला नोट मिळते त्या. म्हणून जरा कडू बोलतो, राग मानू नका.

पहिलं, पानं. कॅनडात आरोग्यसेवा संशोधनाच्या एका प्रतिष्ठानाने एक साधा साचा काढला होता, एक-तीन-पंचवीस. एक पान मुख्य मुद्दे, तीन पानं सारांश, पंचवीस पानं सगळा तपशील. यातलं पहिलं पान म्हणजे निष्कर्षांचा गोषवारा नाही, तर ज्याला निर्णय घ्यायचाय त्याने यातून काय घ्यायचं ते. हे एक पान लिहायला बाकीच्या पंचवीस पानांपेक्षा जास्त वेळ लागतो, स्वानुभव आहे. तुम्ही पंचवीसवाला भाग लिहून थांबलात.

दुसरं, आणि हे महत्त्वाचं. त्या बाईंनी "करायचं की नाही" विचारलं तेव्हा त्यांच्या डोक्यात डास नव्हता. त्यांच्या डोक्यात उद्या सकाळी येणारा फोन होता. "आमच्या गल्लीत तीन पेशंट झाले, तुम्ही काय करताय?" या प्रश्नाला फॉगिंगची गाडी हे उत्तर आहे. ती दिसते, आवाज करते, वास येतो. तुम्ही त्यांच्या हातातलं एकमेव दिसणारं उत्तर काढून घेत होतात आणि बदल्यात देत होतात "परिस्थितीनुसार". मी त्यांच्या जागी असतो तर मीही मशिनच मंजूर केली असती, खोटं कशाला बोलू.

आता जॉन स्नो या डॉक्टरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, १८५४, लंडन, कॉलऱ्याची साथ, ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप, मृत्यूंचा नकाशा, पंपाचा दांडा काढला, कॉलरा थांबला. शाळेत सांगतात ती आवृत्ती फार गोड आहे. खरी गोष्ट ऐका. स्नो गेला तो सरकारकडे नाही, त्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, स्थानिक मंडळाकडे. ७ सप्टेंबरला त्यांच्यापुढे उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी दांडा निघाला. पाण्यातून कॉलरा होतो हे त्यांना पटलं होतं असं नाही, पण माणसं मरत होती, दांडा काढणं सोपं होतं आणि फुकट होतं. साथ तोवर आपोआप उतरायला लागली होती, लोक पळून गेले होते. आणि वरच्या आरोग्य मंडळाच्या तपास समितीने नंतर स्नोचं म्हणणं चक्क नाकारलं, त्यांचा विश्वास दूषित हवेवर.

याच्यात मला आवडणारा माणूस स्नो नाही, हेन्री व्हाइटहेड. तिथला धर्मोपदेशक. तो स्नोला खोटं पाडायला निघाला होता. घरोघरी ओळख, त्यामुळे लोक त्याला सांगायचे. फिरता फिरता त्यालाच पटलं, आणि ४० नंबरच्या घरातल्या आजारी बाळापर्यंत तोच पोचला, त्या बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी ज्या टाकीत जायचं ती त्या पंपाच्या विहिरीला लागून होती आणि झिरपत होती. पुरावा स्नोचा, पण घराघरातला तपशील व्हाइटहेडचा. तुमच्या बेचाळीस पानांना व्हाइटहेड कोण होता?

---

तळटीप

जुनाजाणता काकांचा प्रतिसाद आवडला, पण संशोधन करणाऱ्यांच्या बाजूने थोडं बोलते, कारण मी त्यातलीच.

आमचा आणि समितीचा प्रश्नच वेगळा असतो हो. आम्ही विचारतो "परिणाम होतो का?". समिती विचारते "इथे, एवढ्या पैशात, आहेत त्या माणसांकडून, निवडणुकीच्या आधी होईल का?". पहिल्याचं उत्तर द्यायला आम्हाला चार वर्षं लागतात, दुसऱ्याचं त्यांना पुढच्या मंगळवारी हवं असतं. २०१४ मध्ये कॅथरिन ऑलिव्हर आणि सहकाऱ्यांनी १४५ अभ्यासांचा आढावा घेतला, धोरणकर्ते पुरावा का वापरत नाहीत यावर. सगळ्यात जास्त वेळा आलेली कारणं कुठली तर चांगलं आणि कामाचं संशोधन हाताशी नसणं, आणि वेळेवर न मिळणं. आणि मदत कशाने होते? संशोधक आणि धोरणकर्ते यांचे चांगले संबंध, एकत्र काम. म्हणजे ओळखपाळख. एवढा मोठा आढावा घेऊन आजीला माहीत असलेली गोष्ट सापडली असं माझे सर म्हणायचे.

अजून एक. "वापरलं गेलं" म्हणजे काय ते आधी ठरवा. कॅरोल वाइस नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७९ मध्येच मांडलं होतं की संशोधन वापरण्याचे सात निरनिराळे अर्थ आहेत. अहवाल आला, वाचला, निर्णय बदलला, असं सरळ क्वचितच होतं. पुष्कळदा ते हळूहळू झिरपतं, दहा वर्षांनी लोक एखादी गोष्ट "हे तर सगळ्यांना माहितीये" म्हणून बोलतात आणि ती कुठून आली हे कोणालाच आठवत नाही. आणि काही वेळा ते ढाल म्हणून वापरतात, बाकीशून्य म्हणतायत ते तेच, वाइसबाईंच्या यादीत त्यालाही जागा आहे, डावपेच म्हणून. "यावर अभ्यास सुरू आहे" म्हटलं की सहा महिने कोणी काही विचारत नाही.

डेंगीबद्दलच बोलायचं तर भक्कम पुरावा आहे हो, नाही असं नाही. इंडोनेशियात योग्यकर्ताला वोल्बाकिया जिवाणू असलेले डास सोडले (या जिवाणूमुळे डासात डेंगीचा विषाणू नीट वाढत नाही), शहराचे २४ भाग, चिठ्ठ्या टाकून १२ मध्ये सोडले आणि १२ मध्ये नाही. २०२१ मध्ये निकाल आला, डेंगी ७७ टक्क्यांनी कमी.

---

बाकीशून्य

यादीत जागा मिळाली, धन्य झालो 🙏

मग सोडा की ते डास. ७७ टक्के म्हणजे प्रश्नच मिटला.

---

तळटीप

"आम्ही डेंगी कमी करायला अजून डास सोडणार आहोत" हे वाक्य तुम्ही समितीत बोलून दाखवा, मी मागे बसून टाळ्या वाजवते.

गंमत सोडा, तिथे लोकांशी बोलण्यात वर्षं गेली होती आधी. डास वाढवायची प्रयोगशाळा लागते, परवानग्या लागतात. पुढच्या मंगळवारचं उत्तर नव्हे ते.

---

सरळमार्गी

मला हा सगळा प्रकारच अति वाटतो. प्रत्येक गोष्टीला पुरावा कशाला पाहिजे? अनुभवी डॉक्टर, अनुभवी अधिकारी असतात ना, ते सांगतील तसं करावं. पॅराशूट उपयोगी आहे का याची चाचणी घ्यायला कोणाला विमानातून असंच ढकललंय का?

---

कंसातला

सरळमार्गी, पॅराशूटवाला विनोद संशोधकांनीच केलाय, २००३ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला होता. आणि २०१८ मध्ये काहींनी खरंच चाचणी केली, पॅराशूट आणि रिकामी पिशवी यांत काही फरक पडला नाही. कारण विमान जमिनीवर उभं होतं 😂 शीर्षक वाचून निर्णय घेतला की काय होतं ते दाखवायला.

पण अनुभवी लोकांचं म्हणाल तर एक उदाहरण देतो, हसण्यासारखं नाही. तान्ह्या बाळाला पोटावर झोपवा असा सल्ला कित्येक दशकं अनुभवी डॉक्टर देत होते. उलटी झाली तर घशात जाणार नाही, हे कारण पटण्यासारखंच आहे. पण झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांमध्ये पोटावर झोपणारी जास्त, हे १९७० च्या सुमारास उपलब्ध अभ्यास एकत्र केले असते तर दिसलं असतं. कोणी केलेच नाहीत. ब्रिटनमध्ये "पाठीवर झोपवा" मोहीम आली १९९१ ला आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. २००५ मध्ये काही संशोधकांनी हिशेब मांडला, वेळेत आढावा घेतला असता तर एकट्या ब्रिटनमधली १०,००० च्या वर बाळं वाचली असती. सल्ला देणाऱ्यांचा हेतू, अनुभव, सगळं उत्तम होतं.

---

सरळमार्गी

हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं वाचून. माझ्या आजेसासूबाई पण पोटावरच झोपवायला सांगायच्या.

तरी फॉगिंगने कोणी मरत नाहीये ना.

---

उंबरठा

मी या धाग्यावर लिहावं की नाही कळत नव्हतं, मी ना संशोधक ना अधिकारी, मी घरोघर जाऊन पाणी तपासणारी आहे, टॉर्च आणि फॉर्म घेऊन फिरते.

तुम्ही सगळे पुरावा पुरावा म्हणताय तर मी काय बघते ते सांगते. अळ्या कुठे असतात, तर फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये जो कोणाला माहीतच नसतो, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवर टाकून दिलेल्या टायरमध्ये, टाकीचं झाकण असतं पण त्याला पाइपसाठी भोक पाडलेलं असतं आणि ते उघडंच असतं त्यातनं डास आरामात जातो येतो, आणि बाई म्हणते आमची टाकी तर बंद आहे. टॉर्च मारला की अळ्या खाली पळतात, तेव्हा बाईचा चेहरा बघण्यासारखा असतो. एकदा स्वतःच्या डोळ्याने वळवळताना बघितलं ना की ती बाई परत ताटली भरून ठेवत नाही, पत्रकं वाटून काही होत नाही.

आणि दुसरं म्हणजे बंद घरं. आम्ही जातो दिवसा, लोक कामावर. फॉर्मवर तीनच रकाने, अळ्या आढळल्या, आढळल्या नाहीत, घर बंद. आता बंद घरं वजा करून टक्केवारी काढतात. माझ्या भागात दहातली तीन-चार बंद असतात. मग वर जो आकडा जातो तो उघड्या घरांचा असतो, आणि बंद घराच्या गच्चीवर काय आहे ते फक्त डासाला माहीत.

आणि मला विचाराल तर दरवेळी त्याच त्याच दहा-बारा घरांत सापडतात, मला पाठ झालीयेत. पण फॉर्मवर "तेच घर परत" असा रकाना नाही. आजपर्यंत मला कोणी विचारलं नाही की ताई तुम्हाला काय वाटतं. फॉगिंगच्या दिवशी मात्र लोक म्हणतात, आज खरं काम झालं.

---

जुनाजाणता

आकडेमोड, घ्या. तुमचा व्हाइटहेड आला.

---

आकडेमोड (धागाकर्ता)

उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. त्या टक्केवारीचा तक्ता मीच करतो. बंद घरं वजा करणारा माणूस मीच. कधी विचारच केला नाही, फॉर्म्युला आधीपासून तसाच होता.

आणि आता प्रामाणिकपणे एक कबूल करतो जे मी समितीत नाही केलं. मी फॉगिंगच्या पुराव्याची चिरफाड केली आणि त्याऐवजी कंटेनर सर्व्हे, म्हणजे घरोघरी पाण्याची भांडी तपासणं, वाढवा असं सुचवलं, ब्रेटो इंडेक्स खाली आणा वगैरे. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दर शंभर घरांमागे अळ्या असलेली किती भांडी, तो ब्रेटो इंडेक्स.) पण हा इंडेक्स आणि प्रत्यक्ष डेंगी यांचा संबंध किती पक्का आहे यावरही २०१४ मध्ये आढावा झालाय आणि तोही फारसा पक्का नाही असंच सांगतो. हे माझ्या नोटमध्ये एकतिसाव्या पानावर बारीक अक्षरात होतं. म्हणजे फॉगिंगला मी एक नियम लावला आणि माझ्या आवडत्या उपायाला दुसरा. त्या सदस्याने तो प्रश्न मला यावरही विचारला असता तर माझी वाट लागली असती.

लोकांना बरोबर घेऊन भांडी रिकामी करण्याला मात्र बरा आधार आहे. निकाराग्वा आणि मेक्सिकोत १५० वस्त्यांवर चाचणी झाली होती, औषध न वापरता, वस्तीतल्या लोकांनीच ठरवायचं काय करायचं ते. २०१५ ला प्रसिद्ध झाली, मुलांमधला डेंगीचा संसर्ग साधारण ३० टक्क्यांनी कमी. आणि त्यांनी सुरुवात कशी केली, तर लोकांना त्यांच्याच घरातल्या अळ्या दाखवून. ताई म्हणतायत तेच.

---

कंसातला

आकडेमोड, कबुलीबद्दल सलाम, हे फार कमी लोक करतात.

"इथलाच आकडा" या मोहाबद्दल पण सावध करतो, कारण आता तुम्ही नक्की तिकडे वळणार. समित्यांना स्थानिक आकडा भयंकर आवडतो. अमेरिकेत हेलेना नावाचं छोटं शहर आहे, मोंटाना राज्यात. २००२ मध्ये तिथे सार्वजनिक जागी सिगरेटबंदी आली आणि सहा महिन्यांत कोर्टाने ती थांबवली. त्या सहा महिन्यांत तिथल्या एकुलत्या एक हॉस्पिटलात हार्ट अटॅकचे पेशंट २४, आणि आधीच्या-नंतरच्या वर्षांत त्याच महिन्यांत सरासरी ४०. म्हणजे ४० टक्के घट! २००४ मध्ये छापून आलं आणि जगभरच्या पालिकांनी ते कोट केलं. नंतर इंग्लंडने २००७ च्या बंदीनंतर अख्ख्या देशाचे आकडे बघितले, घट किती तर २.४ टक्के.

गंमत बघा, दिशा बरोबर होती, बंदी योग्यच होती, २.४ टक्के म्हणजेही पहिल्याच वर्षी सुमारे १,२०० पेशंट कमी. पण ४० टक्क्यांचा आकडा छोट्या गावाच्या छोट्या संख्येचा खेळ होता बराचसा. आणि बंदी मंजूर करून घ्यायला उपयोग कशाचा झाला? ४० टक्क्यांचा. यावर मला अजून नीट काय वाटतं ते ठरवता आलेलं नाही.

---

बाकीशून्य

म्हणजे चुकीच्या आकड्याने बरोबर निर्णय झाला. आपण बरोबर आकड्याने चुकीचे करतो. हिशेब बरोबर.

---

तळटीप

चुकीच्या कारणाने बरोबर निर्णय म्हणाल तर लंडनचीच गटारं. काकांनी वर स्नोचं सांगितलं, त्याच्या चार वर्षांनी १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी घाण वास मारायला लागली की संसदेत बसवेना, आणि मग पैसे मंजूर झाले. वासाने रोग होतो या समजुतीने गटारं बांधली, कॉलरा गेला तो पाणी स्वच्छ झाल्याने. पुरावा होता तेव्हा पैसा नव्हता, नाकाला झोंबल्यावर मिळाला.

उलटंही होतं पण. कॅनडातल्या कॅल्गरी शहराने २०११ मध्ये पिण्याच्या पाण्यात दात किडू नयेत म्हणून घालायचं फ्लोराइड बंद केलं, नगर परिषदेचा ठराव. त्याच प्रांतातल्या एडमंटनमध्ये चालू राहिलं. म्हणजे संशोधकांना आयती तुलना मिळाली, दुसरीतल्या मुलांचे दात तपासले, कॅल्गरीत किडणं जास्त वाढलेलं दिसलं. हे २०१६ ला छापून आलं. आणि फ्लोराइड परत कधी आलं? २०२१ मध्ये लोकांचं मत घेतलं, ६२ टक्के हो म्हणाले, आणि प्रत्यक्षात पाण्यात पडलं २०२५ च्या जूनअखेर. बंद करायला एक ठराव, चालू करायला चौदा वर्षं.

(फ्लोराइडवर वेगळा धागा काढू नका प्लीज, टूथपेस्ट आल्यापासून फायदा पूर्वीपेक्षा कमी झालाय हेही खरं आहे, मला माहितीये.)

---

वाचनमात्र

चौदा वर्षांत ती दुसरीतली पोरं कॉलेज संपवून बाहेर पडली असतील

---

जुनाजाणता

वेळेचं निघालंच आहे तर गडचिरोलीचं सांगतो, बंग दांपत्याचं. १९९५ ते ९८, ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरीच नवजात बाळाची काळजी, आणि तुलनेला ४७ गावं. १९९९ मध्ये छापून आलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत हाच कार्यक्रम सुरू झाला २०११ ला. बारा वर्षं, आणि ती सुद्धा ती माणसं मागे लागून होती म्हणून. मधल्या काळात दुसऱ्या ठिकाणी करून दाखवा, दुसऱ्या लोकांकडून होतं का दाखवा, हे सगळं झालं. त्याला मी नुसती दिरंगाई म्हणणार नाही. "इथे झालं म्हणून तिथे होईल का" हा रास्त प्रश्न आहे, सदस्यांनी विचारला तर चिडू नये.

आकडेमोड, तुमची पुढची बैठक कधी आहे? ठरावाआधी त्या बाईंना जाऊन भेटा. मीटिंगमध्ये नव्हे, आधी. नोट घेऊन जाऊ नका. उंबरठाताई येत असतील तर त्यांना न्या.

---

आकडेमोड (धागाकर्ता)

अपडेट. तीन आठवडे झाले, बैठक काल झाली.

काकांचं ऐकून आधी भेटलो. (उंबरठाताई आमच्या इथल्या नाहीत, पण आमच्याकडेही असं काम करणाऱ्या एक ताई आहेत, त्यांना घेऊन गेलो.) मी फारसं बोललोच नाही. ताईंनी बाटलीतून अळ्या नेल्या होत्या, टेबलावर ठेवल्या. बाईंनी बाटली हलवून बघितली आणि विचारलं, हे कुठलं? ताई म्हणाल्या, तुमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवरचं. पुढचा पाऊण तास आम्ही गच्चीवर होतो.

मग एक पान केलं. सगळ्यात वर प्रश्न लिहिला, "पेशंट झाल्याचा फोन आला तर काय करायचं?" आणि खाली उत्तर, चोवीस तासांत त्या घरी आणि आजूबाजूच्या घरी माणूस जाणार, पाणी तपासणार, रहिवाशांना अळ्या दाखवणार, आणि फवारणी केलीच तर त्या घराच्या आत, सांगून सवरून. गाडी गल्लीतून फिरणार नाही. काय माहीत आहे, काय माहीत नाही, दोन्ही चार-चार ओळींत, आणि यावेळी माझ्या उपायाच्या कमकुवत बाजू पण तिथेच, एकतिसाव्या पानावर नाही.

निकाल, सहाऐवजी दोन मशिन. फॉगिंग बंद झालं नाही, होणारही नव्हतं. भांडी तपासायचा जादा फेरा आधी फक्त चार वॉर्डांत, माणसं तेवढीच आहेत म्हणून. लगेच भांडण सुरू, आमचा वॉर्ड आधी का नाही, त्यांचाच का. अर्धा तास गेला. शेवटी ज्यांनी मला मागच्या वेळी "अपुरा म्हणजे काय" विचारून गारद केलं होतं तेच सदस्य वैतागून म्हणाले, चिठ्ठ्या टाका आणि मोकळे व्हा. बारा चिठ्ठ्या केल्या, चार काढल्या, बाकीच्या आठांना तीन महिन्यांनी.

तळटीप, तुम्हाला कळलं असेलच मी का उडालो ते. मी मागून, कागदाचं भांडं धरून उभा होतो.

---

तळटीप

नाही!! 😂😂 पालिकेच्या समितीने स्वतःहून रँडमाइज केलं, म्हणजे आम्ही चाचणीत चिठ्ठ्या टाकून गट पाडतो तसं? हे मी सरांना पाठवते आत्ताच्या आत्ता.

---

कंसातला

अभिनंदन, पण चार विरुद्ध आठ वॉर्ड फार कमी आहेत, त्यात डेंगीच्या केसेस मुळात थोड्या आणि लोक इकडून तिकडे फिरणारे. हेलेना लक्षात ठेवा, मोठा फरक दिसला तर लगेच उड्या मारू नका आणि दिसला नाही तर फेकूनही देऊ नका. नुसत्या केसेस मोजू नका, तेच घर परत सापडतंय का ते मोजा, त्यात आकडा मोठा मिळेल.

---

बाकीशून्य

सहा मशिन वाचवायला गेलात आणि चार वाचवल्यात. मी माझे शब्द मागे घेत नाही पण जरा बाजूला ठेवतो.

---

उंबरठा

छान वाटलं वाचून. एक विचारू? फॉर्ममध्ये "तेच घर परत" रकाना घातला का? आणि बंद घरांचं काय केलं? संध्याकाळी सातनंतर गेलं तर लोक भेटतात, पण तेव्हा आमची ड्युटी संपलेली असते, आणि बाईमाणसाने एकटीने अंधारात गच्च्या चढायच्या का हा पण प्रश्न आहे. जोडीला कोणी देणार आहेत का?

---

आकडेमोड (धागाकर्ता)

रकाना घातला. बंद घरं आता वजा करत नाही, वेगळी दाखवतो, पहिल्या आठवड्यातच शंभरात ३४ निघाली.

संध्याकाळच्या जोडीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. पुढच्या बैठकीची विषयपत्रिका सोमवारी बंद होते, त्याआधी टाकतो. आमच्या ताईंना विचारून किती माणसं लागतील ते लिहितो, नाहीतर पुन्हा "परिस्थितीनुसार" म्हणायची वेळ यायची.